तुळशीचं पाणी आणि लाखोरीच्या वड्या

मनकर्णाबाईला स्वतःचं मूल झालं नाही, पण आरमोरीकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले. त्या भागात एखादी सून सासूकडे काणाडोळा करू लागली, की शेजारीण टोमणा मारायची, "जाय ओ, चार दिवस मनकर्णेच्या हाताखाली राहून ये." एवढं तिचं नाव झालं होतं. हे नाव तिला सहज मिळालं नव्हतं. त्याआधी तिच्या हातून एक चूक झाली होती, आणि त्या चुकीपायी एक म्हातारी हातची जाता जाता राहिली होती.

त्या वेळी गडचिरोली जिल्हा झाला नव्हता. सारा मुलूख चांदा जिल्ह्यातला, आणि सरकार नागपूरला बसायचं. वैनगंगेच्या काठाला जंगलखात्याची एक जुनी चौकी ओस पडली होती. पूर्वी सागवानाच्या गाड्या तिथं अडवून लाकडं मोजत. गाड्यांची वाट बदलली, चौकीच्या कौलांवर माकडं नाचू लागली. गावचे निवृत्त शिक्षक गुणवंतराव यांनी चार भल्या माणसांना गाठलं, चौकी मागून घेतली, कौलं चाळली, भिंती शेणामातीनं लिंपून घेतल्या आणि दारावर स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं – 'विसावा'. ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्यांसाठी हे घर. जातपात विचारायची नाही, असं गुरुजींनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. चूल मात्र मनकर्णाबाईच्या ताब्यात, कारण त्या काळी शिवाशिव काही गुरुजींच्या एका वाक्यानं जाणारी नव्हती.

गुरुजींचा म्हातारपणाविषयी एक पक्का विचार होता. ते म्हणायचे, "पिकलेलं फळ देठाला आपणहून सोडतं. माणसानंही तसंच सुटायला शिकावं. जन्मभर हात राबले, आता ते फक्त जोडण्यापुरते." म्हणून विसाव्यात येणाऱ्या प्रत्येकानं आपलं अवजार आत आणायचं नाही, ही रीत त्यांनी घातली. देवघराशेजारी एक अंधारी कोठी होती. आलेला माणूस हळद-कुंकू वाहून आपली वस्तू तिथं ठेवायचा आणि गुरुजी म्हणायचे, "देवाच्या स्वाधीन झालं. आता तुम्ही मोकळे."

डोमा नावाच्या म्हाताऱ्यानं तिथं आपली कुऱ्हाड ठेवली होती. त्यानं उभा जन्म जंगलात लाकडं तोडली आणि वाहिली होती. कुऱ्हाड ठेवताना तो गुरुजींना म्हणाला, "ठेवा बरं नीट, परत मागनार नाई मी." खुर्शीदाबी ही बांगड्या भरणारी म्हातारी. बाजाराबाजारानं टोपली घेऊन हिंडलेली. तिची टोपलीही कोठीत गेली. ती ठेवताना खुर्शीदाबीनं हळद-कुंकू वाहिलं नाही, आणि गुरुजींनीही आग्रह केला नाही. ती फक्त म्हणाली, "काचेचा माल हाय गुरुजी. तुमच्या देवाले सांगा, हात लावताना सांभाळून."

आणि या सगळ्यांना सांभाळायला गुरुजींनी मनकर्णेला बोलावलं.

मनकर्णा नागभीडकडची. मराठी चौथी पास. लग्न होऊन आरमोरीजवळच्या खेड्यात आली, आणि हिवतापानं नवरा गेला तेव्हा तिच्या अंगावरची हळद नुकतीच उतरली होती. माहेरचे न्यायला आले, ती गेली नाही. घरात सासरा होता, लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. हात हलत नव्हता, तोंड वाकडं झालेलं. त्याला आंघोळ घालणं, कूस बदलणं, पेज चमच्यानं भरवणं, सगळं तिनं केलं, तेही अनेक वर्षं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. सासरा गेला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी तिला हात जोडले होते. गुरुजींनी ते पाहिलं होतं.

विसाव्यात येताना तिनं दोनच वस्तू आणल्या. एक जातं, आणि दुसरा पितळेचा बाळकृष्ण. पहाटे उठून ती बाळकृष्णाला न्हाऊ घालायची, अंग पुसायची, झबलं चढवायची, दूध-साखर दाखवायची. मग त्याच हातांनी म्हाताऱ्यांकडे वळायची. त्यांना न्हाऊ घालायची, अंग पुसायची, धुतलेलं लुगडं-धोतर नेसवायची, पेज पुढ्यात ठेवायची. तिला दोन्हीत फरक वाटत नव्हता. "म्हातारं मानूस म्हणजे घरातला देव," असं तिची आई म्हणायची. देवाला कधी कुणी झाडू मारायला लावतं? देवानं बसावं, आपण करावं. गुरुजींचा विचार पोथीतून आला होता, तिचा देवघरातून. दोघांचे शब्द वेगळे होते, पण म्हाताऱ्यांच्या वाट्याला आली ती एकच गोष्ट – बसून राहणं.

घर मात्र आरशासारखं होतं. कुणाच्या अंगाला वास नाही, कुणाच्या डोक्यात ऊ नाही. आरमोरीच्या बाजाराला आलेली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून ते बघायला यायची आणि म्हणायची, "आपल्या घरी नाई एवढं होत." मनकर्णा पदर ओढून घ्यायची, पण तिला बरं वाटायचं. का वाटू नये?

एका साली मळणी झाल्यावर सुकरी आली. धानोऱ्याकडच्या एका खेड्यातली धानकरी बाई. नवरा गेलेला, लेकरं जगली नाहीत. भाच्यानं शेत वाहिलं तोवर तिला ठेवून घेतलं, मग एक दिवस बैलगाडीत बसवून विसाव्याच्या दारात उतरवलं आणि म्हणाला, "मामी, इथी तुले आराम भेटन." सुकरीच्या काखेत एक जुनं सूप होतं. कडेला कातड्यानं शिवलेलं, शेणानं सारवलेलं. ते कोठीत ठेवायचं आहे असं कळल्यावर तिनं विचारलं, "मंग तांदूळ कशात पाखडता?"

"ते मी पाखडीन ना, सुकरीमाय," मनकर्णा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा नदीवरून पाणी घेऊन येते तो सुकरी अंगण झाडत होती. हात थरथरायचे तिचे, पण फडा सरळ रेघेत चालला होता. मनकर्णानं घागर खाली ठेवली, धावत जाऊन तिच्या हातातला फडा काढून घेतला.

"हे काय माय? मी काय मेली का? तुमी बसा."

सुकरी बसली. त्यानंतर तिनं चुलीशी लाकूड सारायचा प्रयत्न केला, शेंगा सोलायला घेतल्या, एकदा डोमाच्या धोतराला टाका घालायला सुई मागितली. प्रत्येक वेळी मनकर्णानं तिच्या हातातलं काम हसून, मायेनं काढून घेतलं. हात थरथरतात म्हणून तिला घास भरवायलाही तिनं सुरुवात केली. आणि रोज सकाळी पूजा झाली, की बाळकृष्णाच्या आंघोळीचं पाणी, त्यात तुळशीचं पान, ती सुकरीच्या तोंडात चमच्यानं घालायची. बाकीचे तळहात पुढे करून तीर्थ घ्यायचे. सुकरीच्या हातावर दिलं तर सांडेल, देवाचं पाणी भुईवर पडेल, म्हणून चमचा. सासऱ्याला ती असंच द्यायची.

होळी झाली. मोहाची फुलं टपटप गळायला लागली, तशी सुकरी कमी कमी जेवायला लागली. आधी म्हणाली भूक नाही, मग म्हणाली गिळवत नाही, मग काहीच म्हणेना. घास आणला की ओठ मिटून घ्यायची. वैद्य येऊन नाडी बघून गेले, म्हणाले, "आजार दिसत नाही. वय झालं." गुरुजी आले, सुकरीच्या खाटेजवळ उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मनकर्णाबाई, ही सुटत चालली आहे. सुखानं सुटते आहे. तिला अडवू नका."

मनकर्णेला ते पटलं नाही. सुटणारं माणूस तिनं पाहिलं होतं. सासरा सुटला तेव्हा त्याच्या डोळ्यांत कुणासाठी थांबल्याची खूण नव्हती. सुकरी मात्र दारातून कुणी आलं की बघायची. गाडीचा आवाज आला की मान वळवायची. तिचे डोळे जागे होते आणि तोंड बंद होतं. या घरात कुणी उपाशीपोटी जाणार, आणि तेही आपल्या हातांखालून, हा विचार मनकर्णेला जाळत होता. तिनं आणखी सेवा वाढवली. दोनदा अंग पुसायचं, तळपायांना तेल, पेजेत तूप. बाळकृष्णापुढे बसून म्हणाली, "देवा, माझं काय चुकून राह्यलं ते तरी सांग." देवानं सांगितलं, पण खुर्शीदाबीच्या तोंडून.

खुर्शीदाबी पडवीच्या टोकाला बसायची. तिची खाट सुकरीच्या खाटेला लागून होती. एक दिवस मनकर्णा भरवायला आणलेली पेज तशीच परत घेऊन निघाली, तेव्हा खुर्शीदाबीनं तिच्या लुगड्याचं टोक धरलं.

"बस इथी जरा. तुले एक गोष्ट विचारू? रागावशील नाई?"

"विचारा ना, बी."

"तुमच्या लोकांत तुळशीचं पानी चमच्यानं तोंडात कोनाच्या घालतात?"

मनकर्णानं पेजेचं भांडं खाली ठेवलं.

"मी बांगड्या भरायले गावोगाव हिंडलो," खुर्शीदाबी म्हणाली. बाजारात पुरुषांशी घासाघीस करून करून ती पुरुषासारखीच बोलायची. "लग्नाची घरं पाह्यली, मैताचीबी पाह्यली. आंघोळ दुसऱ्यानं घालायची, नवं लुगडं दुसऱ्यानं नेसवायचं, चुलीले हात लावू द्यायचा नाई, अन् तोंडात तुळशीचं पानी. जित्या मानसाले असं करतात का? ती मले परवा म्हने, बी, हे लोक चांगले हायेत, तोंडानं जाय म्हनत नाईत. पन रोज सकाळी पानी घालून राह्यले, म्हणजे वाट पाहून राह्यले. मले लवकर गेलं पाह्यजे. कोनी दुसरं बिचारं या खाटेची वाट पाहत असन."

मनकर्णा खालीच बसली. भांड्यातली पेज थंड झाली, तिच्यावर साय धरली. मग ती म्हणाली, "बी, मले आधी काऊन नाई सांगितलं?"

"मले वाटलं तुमचा धरम असन तसा. अन् सांगू कसा? सुकरीनं आन घातली होती. आता आन मोडली मी. अल्ला पाहून घेईन."

तिथून मनकर्णा देवघरात गेली. बाळकृष्ण आपल्या जागी होता, झबलं घातलेला, पुढ्यात दूध-साखर. तो कधी 'नको' म्हणत नाही, कधी 'मीच करतो' म्हणत नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला आपल्या कामाचा सगळा उलगडा झाला. एकच म्हातारा तिनं सांभाळला होता, हात नसलेला, बोल नसलेला. त्याच्या अंथरुणाशी शिकलेला पाठ तिनं सगळ्यांना लावला होता. ज्यांना हात होते त्यांनाही. देवाला जसं ठेवावं तसं तिनं माणसांना ठेवलं, आणि माणूस बिचारं देवासारखं किती दिवस बसणार?

सुकरीला जाऊन सांगावं का, की माय, आम्ही तुमची वाट पाहत नाही? पण सुकरी म्हणाली असती, तुम्ही चांगले आहात, तोंडानं म्हणत नाही. बोलण्यानं हे निघणार नव्हतं. हातांनी जे सांगितलं गेलं ते हातांनीच परत घ्यायचं होतं.

संध्याकाळी तिनं लाखोरीची डाळ भिजत घातली.

सकाळी पूजा करून ती सुकरीच्या खाटेजवळ आली. सुकरीनं सवयीनं डोळे मिटले, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तिनं डोळे उघडले.

"हात पुढे करा, माय."

"सांडन ना."

"सांडू द्या."

सुकरीनं तळहात पुढे केला. तो थरथरत होता. मनकर्णानं पळीभर तीर्थ घातलं. अर्धं बोटांतून गळून लुगड्यावर पडलं, उरलेलं सुकरीनं ओठाला लावलं आणि ओला हात डोळ्यांवरून, कपाळावरून फिरवला, जसा सगळे फिरवतात.

"आता उठा," मनकर्णा म्हणाली. "डाळ भिजली. वड्या घालायच्या हायेत. उन्हं अशी राहतील का? पावसाळा लागला की मंग काय खान तुमी?"

सुकरी तिच्याकडे बघत राहिली. "पावसाळ्यात?"

"हो."

"मी?"

"नाई त कोन? मी तुमच्यासाठी भरसावनात भाजी आनाले नदीपार जाऊ? पूर आला की इथून हालता येत नाई. वड्या घरात असल्या पाह्यजेत."

म्हातारी खाटेच्या काठाला धरून, उपाशी अंगानं, डोलत डोलत उठली. मनकर्णेचा हात आपोआप पुढे गेला, तो तिनं मागे घेतला. पुढे ती म्हणायची की माझ्या जन्मातलं सगळ्यात अवघड काम तेच, हात मागे घेणं. सुकरी पाट्याजवळ पोचली, वाटलेल्या डाळीत बोट घातलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"यात लसूण कोनं घातला? एवढासा? मुंजीच्या मुलाले चालन असा."

"मी घातला."

"दिसलंच. आन इकडं."

लसूण आला, मिरची आली, जिरं आलं. दरवेळी बोटानं चव घ्यायची, म्हणजे थोडं थोडं पोटात जात होतं. मनकर्णा बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. खाटेवर धुतलं धोतर अंथरलं, आणि सुकरीनं पहिली वडी देवाच्या नावानं घातली. हात थरथरायचा म्हणून वड्या काही गोल पडेनात. कुणी लांबोडी, कुणी चपटी, एक तर थेट मोराच्या पिसासारखी फाकलेली. डोमा आपल्या खाटेवरून मान उंच करून म्हणाला, "सुकरे, वड्या घालून राह्यली का अक्षरं काढून राह्यली?"

"तुले वाचता येते का?"

"नाई."

"मंग गप बस."

विसाव्यात एवढं मोठं हसू त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. खुर्शीदाबीला हसून हसून ठसका लागला. तिच्या हातात मनकर्णानं एक लांब काठी दिली आणि म्हणाली, "बी, कावळ्यांकडं तुमी पाहा." काठी लांब आहे ती वड्यांना आपला हात लागू नये म्हणून, हे खुर्शीदाबीला कळलं. ती फक्त काठी खांद्यावर घेऊन ऐटीत बसली आणि म्हणाली, "या रे कावळ्यांनो. कोतवाल बसला हाय."

आणि नेमके तेव्हाच गुरुजी आले.

दारातच उभे राहिले. ज्या म्हातारीला सुखानं सुटू द्या म्हणून ते सांगून गेले होते, ती उन्हात बसून डाळ कालवत होती. त्यांचा चेहरा उतरला.

"मनकर्णाबाई, हे काय चाललंय? उद्या गाव म्हणेल, निराधारांना आसरा देतो म्हणतात आणि म्हाताऱ्यांना राबवून घेतात. ठेवा ते सगळं. सुकरीबाई, तुम्ही उठा, खाटेवर चला."

सुकरीचा हात डाळीतच थांबला. तिनं गुरुजींकडे पाहिलं, मग मनकर्णेकडे. मनकर्णेनं ती नजर ओळखली. कालपर्यंतचीच ती नजर. आता ही उठली, तर पुन्हा बसायची नाही, हे तिला लख्ख दिसलं.

गुरुजींच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. त्यांनीच तिला मान दिला, छप्पर दिलं. ते उद्या जा म्हणाले असते तर तिला जायला घर नव्हतं. पण ती उठली आणि सुकरीच्या व गुरुजींच्या मध्ये उभी राहिली. पदर डोक्यावर नीट घेतला.

"गुरुजी, सुकरीमाय उठनार नाई."

"म्हणजे?"

"तिच्या वड्या अर्ध्या राह्यल्या." मग तिनं खाली बघतच सगळं सांगितलं. चमचा, तुळशीचं पाणी, खाट रिकामी करायची घाई, सगळं.  शेवटी म्हणाली, "तुमी म्हनता पिकलं फळ आपोआप सुटते. खरं हाय. पन आपन त्याले रोज हालवून पाहत होतो, गुरुजी."

 खुर्शीदाबीनं काठी टेकवली.

"गुरुजी, एक सांगा. तुमचं वय मोठं का डोमाचं?"

"माझं असेल," गुरुजी म्हणाले. "दोन-तीन वर्षांनी."

"मंग तुमची लेखनी अन् चश्मा कोठीत कधी ठेवता? सांगून ठेवा. मी हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभा राहीन."

डोमानं धोतराच्या सोग्यात तोंड लपवलं. गुरुजींचा हात नकळत चष्म्याकडे गेला. ते माणूस हट्टी होतं, पण खोटं नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात पाय ठरेना म्हणूनच तर त्यांनी ही चौकी मागून घेतली होती. ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलं तरी त्यांना स्वतःला होतं. ते मग देवघरात गेले, नमस्कार केला, आणि बाहेर आले ते हातात सूप घेऊन. सुकरीचं, कातड्यानं शिवलेलं. कोळिष्टकं आपल्याच उपरण्यानं पुसत त्यांनी ते तिच्यापुढे ठेवलं.

"देवानं परत पाठवलंय," एवढंच म्हणाले.

सुकरीनं सूप उलटं करून पाहिलं, कडा चाचपली. "सारवाले पाह्यजे," ती म्हणाली. त्या दुपारी तिनं वाटीभर पेज स्वतःच्या हातानं प्यायली. अर्धी अंगावर सांडली. मनकर्णेनं पुसली नाही.

त्या दिवसापासून विसावा बदलला, पण एका फटक्यात नाही. मनकर्णा उत्साही बाई. चूक कळली तशी ती दुसऱ्या टोकाला गेली. कोठी उघडी केली, ज्याचं त्याला देऊन टाकलं, आणि डोमापुढे त्याची कुऱ्हाड नेऊन ठेवली. डोमानं कुऱ्हाडीकडे पाहिलं आणि हात जोडले.

"बाई, मले माफ कर. मी जन्मभर ओझी वाह्यली. मले खरंच बसू दे. मले हे बसनं लय आवडते. सकाळी उठावं अन् कोनाचंच काही देनं नाई, हे सुख मले आताच भेटलं."

मनकर्णा ओशाळली. कुऱ्हाड परत कोठीत गेली. डोमा पुढेही नदीकडे तोंड करून बसायचा, डोंगे येताना-जाताना मोजायचा आणि सगळ्यांची टिंगल करायचा. तेव्हापासून नवीन कुणी आलं की मनकर्णा आधी बसवायची, गूळ-पाणी द्यायची आणि विचारायची, "तुमी काय करत होता? अन् काय करावं वाटते? काही नाई वाटत, तरी चालते." गुरुजींचा नियम गेला, तिचा स्वतःचाही गेला. राहिलं ते हे विचारणं.

खुर्शीदाबीची टोपली श्रावणात उघडली. जवळचं तिला आता फारसं दिसत नव्हतं. पण पोरीचा हात हातात घेऊन, अंगठ्याशी दाबून, ती माप सांगायची आणि काकण असं चढवायची की पोरगी हूं की चूं करायची नाही. गावातल्या लेकीसुना विसाव्याच्या पडवीत रांगेनं बसू लागल्या. ज्या घराकडे आधी लोक कीव करायला यायचे, तिथं आता बांगड्या भरायला येऊ लागले. "हसीच्या घरी हात भरावे," असं खुर्शीदाबी म्हणायची, "रडीच्या घरी बांगडी टिकत नाई."

त्या पावसाळ्यात वैनगंगेला मोठा पूर आला. वाट बंद झाली. मनकर्णेनं मडक्यातून वड्या काढल्या, वांग्यात घालून रस्सा केला. वाढताना तिनं क्षणभर थांबून खुर्शीदाबीचं आजवर वेगळं ठेवलेलं ताट सुकरीच्या ताटाशेजारी मांडलं, पंक्तीत. कुणी आपलं ताट मागे ओढलं नाही. डोमा फक्त म्हणाला, "मले मोराच्या पिसावाली वाढ." खुर्शीदाबी एक वडी चावून म्हणाली, "कावळ्यांपासून मी वाचवली म्हून एवढी गोड लागून राह्यली."

सुकरी त्यानंतर चांगली जगली. दर उन्हाळ्यात वड्या घातल्या. हात अधिकच थरथरू लागले, वड्या अधिकच वाकड्या झाल्या, आणि आरमोरीच्या बाजारात विसाव्याची वाकडी वडी म्हणून लोक ती मुद्दाम मागू लागले. शेवटच्या साली तिला वाटण पेलवेना, तेव्हा ती फक्त बोट बुडवून चव घ्यायची आणि मनकर्णेला नावं ठेवायची. तेवढंही काम होतंच.

पौषात तिला थंडी बाधली. या वेळी अन्न तिनं सोडलं नाही, अन्नानंच तिला सोडलं. डोळे दाराकडे वळत नव्हते. गाडी आली-गेली तरी मान हलत नव्हती. मनकर्णेनं ओळखलं. गुरुजींना निरोप गेला, ते येऊन पायाशी बसले. खुर्शीदाबी उशाशी होती. कोवळं ऊन पडवीत आलं होतं, आणि ते सुकरीच्या पायांवर पडावं म्हणून डोमानं आपली खाट ओढून बाजूला घेतली.

मनकर्णा पूजा करून आली. तिच्या एका हातात पळी होती, दुसऱ्या हातात चमचा. ती उभी राहिली. इतक्या वर्षांत चमचा तिनं पुन्हा हातात घेतला नव्हता. सुकरीनं डोळे उघडून दोन्हीकडे पाहिलं आणि तिच्या सुरकुतलेल्या ओठांच्या कडा हलल्या.

"आता चमच्यानं दे, पोरी," ती म्हणाली. "तवा तुले लय घाई झाली होती."

मनकर्णेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तुळशीचं पाणी चमच्यानं तिच्या तोंडात घातलं. एक थेंबही सांडला नाही.

त्या उन्हाळ्यात विसाव्यात सुकरीच्या सुपात पाखडलेली लाखोरीची डाळ भिजली. मनकर्णेनं स्वतः वाटली, पाट्याशी बसून. पहिली वडी देवाच्या नावानं घातली आणि दुसरी सुकरीच्या. तिचे हात अजून थरथरत नव्हते. तिच्या वड्या गोल पडल्या. डोमानं मान उंच करून पाहिलं आणि म्हणाला, "मनकर्णे, लसूण पाहून घे."

तिनं बोट बुडवलं, चव घेतली, आणि उठून आणखी लसूण आणायला गेली.